टोनरने तुम्हाला कधी दगा दिलाय? (अनुभव धागा)

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते, टोनर नावाची पूड असते, हे मला तो बिघडल्यावर कळलं. प्रत्येक पानावर साधारण साडेसात सेंटिमीटरला एक काळा ठिपका उमटायचा. दुरुस्तीवाल्या काकांनी फूटपट्टी मागितली, अंतर मोजलं आणि प्रिंटर न उघडताच म्हणाले, "ड्रमला चरा पडलाय." ड्रम म्हणजे पूड कागदावर उतरवणारा फिरता नळा. व्यास २४ मिमी, म्हणजे घेर बरोबर साडेसात सेंटिमीटर! ए-४ पानाला तो जवळजवळ चार फेरे मारतो, म्हणून चार ठिपके. येऊ द्या तुमचेही किस्से.

*

आमचं झेरॉक्सचं दुकान रत्नागिरीत. जुलै लागला की प्रिंट फिकी. गिऱ्हाईक म्हणतं टोनर संपला, मीही आधी तेच समजून दोन कार्ट्रिज बदलली. पैसे पाण्यात. दोष कागदाचा होता. कागदाच्या पाठीमागचा रोलर धन विद्युतभाराने टोनर ड्रमवरून खेचून घेतो. कागद दमट असला की तो भार निसटतो आणि अर्धी पूड ड्रमवरच राहते. आता रिम कपाटात, कपाटात ४० वॅटचा बल्ब. पापड आणि कागद शेजारी शेजारी!

*

मी पॉलिटेक्निकला शिकवतो. लेझर कागदावर अक्षरं जाळतो, असं दरवर्षी कोणीतरी लिहितंच. प्रत्यक्षात लेझर फक्त पुसतो. आधी अंधारात सगळ्या ड्रमला ऋण भार देतात, साधारण उणे ६०० व्होल्ट. लेझर पडेल तिथला भार उतरतो. टोनरही ऋणच, त्यामुळे तो भारलेल्या जागेपासून दूर ढकलला जातो आणि उतरलेल्या जागी बसतो. वरच्या चऱ्याचंही तेच, तिथे भार टिकतच नाही. मूळ युक्ती चेस्टर कार्लसनची. २२ ऑक्टोबर १९३८ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरियात त्याने गंधक लावलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासून भारली होती. लेझर त्यात आला सत्तरच्या दशकात.

*

रिफिल करताना डबी साडीवर उपडी झाली. घाईघाईत गरम पाण्यात भिजवली. टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड, ती आणखीच चिकटली. आधी झटकायची, मग गार पाणी, हे नंतर समजलं. साडी आता पायपुसणं.

*

आमच्याकडे फ्युजर तापेनासा झाला होता. तोच पूड वितळवून कागदात मुरवतो, नाहीतर ती नुसती वर बसलेली असते. बहिणीची पत्रिका त्याच प्रिंटरवर काढलेली. मुलाच्या वडिलांनी हातात घेतली, अंगठा फिरवला आणि मंगळ पुसला गेला.