जळका वास कॉइलचा, पण सेलचं वेष्टणही बघा

ई-सिगारेटला (व्हेपला) जळका वास यायला लागला की बॅटरी बदला, असं एकाने सुचवलंय. ते पटलं नाही. तो वास बहुतेक वेळा कॉइलमधला (द्रव तापवून वाफ करणाऱ्या तारेतला) कापूस कोरडा पडून करपल्याचा असतो. करपलेला कापूस धुऊन सुधारत नाही, कॉइलच बदलावी लागते. नवी बसवल्यावर टाकीत द्रव भरून, तो कापसात मुरेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर पहिल्याच झुरक्यात तीही जाते.

सेलकडे मात्र वेगळ्याच कारणासाठी बघा. माझा मामेभाऊ इंग्लंडात असतो. मे महिन्यात सोलापूरला आला तेव्हा त्याची ई-सिगारेट तिकडेच ठेवून आला (आपल्याकडे २०१९च्या कायद्याने आयात, विक्री, साठवण सगळंच बंद आहे), पण त्यातले दोन १८६५० सेल (गोल, लांबट लिथियम बॅटऱ्या) शेतावरच्या टॉर्चसाठी आणले. एकाचं प्लास्टिक वरच्या कडेला फाटलेलं, आणि तो सेल खिशात किल्ल्यांबरोबर! बघून माझ्या पोटात गोळा आला. वरचं बटण धन असतं, पण त्याला लागून असलेली कड धरून बाकी सगळा डबा ऋण. मध्ये फक्त ते पातळ प्लास्टिक आणि कागदी चकती. किल्लीने दोन्ही जोडले की शॉर्ट, आणि सेल पेटूही शकतो. नव्या पेठेतून स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारं प्लास्टिकचं वेष्टण) आणली, चकती तपासली, गरम हवेने ती चढवली. सेल चेपलेला असता तर हेही केलं नसतं, सरळ बाद. आणि आपल्या उन्हाळ्यात सेल गाडीच्या डिकीत कधीच ठेवू नका.