अनुभव धागा: आपल्या मैदानावरचा फुटबॉल लाइव्ह दाखवताना

साइडलाइन (पुणे):
हौशी फुटबॉलचे सामने यूट्यूब-फेसबुकवर लाइव्ह दाखवणारे इथे बरेच जण आहेत. कुणी तालमीचे, कुणी सोसायटीच्या स्पर्धेचे, कुणी पोरांच्या अकादमीचे. शोधायला गेलं तर जी माहिती सापडते ती खोलीत बसून गेम खेळणाऱ्यांसाठी असते, नाहीतर थेट दोन लाखांच्या कॅमेऱ्यापासून सुरू होते. आपल्या मैदानावर प्लग नसतो, सावली नसते आणि कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूस पुढच्या मॅचला लेफ्ट बॅक खेळणार असतो. म्हणून हा धागा. काय वापरता, कशावाचून भागतं आणि कशावाचून अजिबात भागत नाही ते लिहा. मॉडेल नंबरापेक्षा कुठे उभे राहता हे सांगितलंत तर जास्त बरं.

माझ्यापासून सुरुवात. आमचं सगळं मध्यम किमतीच्या एका फोनवर चालतं, आणि त्यातला सगळ्यात कामाचा खर्च म्हणजे मंडपवाल्याची परांची. जमिनीवरून घेतलं की पलीकडच्या रेषेजवळचे खेळाडू एकमेकांवर चिकटवल्यासारखे दिसतात, पास नेमका कुठल्या जागेत गेला ते कळत नाही. तीन-चार मीटर वर गेलात की मैदान उलगडतं. परांची नसेल तेव्हा आम्ही टेम्पोच्या टपावर चढतो. जागा मध्यरेषेवर, आणि संध्याकाळचे सामने असतील तर पश्चिमेच्या बाजूला, म्हणजे ऊन पाठीवर. सकाळच्या सामन्यांना उलट. दोन्ही हाफ एकाच बाजूने दाखवायचे; बाजू बदलली की बघणाऱ्याचा गोंधळ उडतो.

ट्रायपॉडचं डोकं मात्र व्हिडिओचं घ्या, तेल भरलेलं, संथ फिरणारं. फोटोच्या बॉल हेडवर कॅमेरा फिरवला की प्रत्येक पास झटका देत जातो. आणि फोन ट्रायपॉडवर असताना त्यातलं स्टॅबिलायझेशन बंद करा. आपण मुद्दाम फिरवतो ती हालचालसुद्धा ते थोपवायला बघतं आणि मग एकदम उडी मारतं.

पेठेतला (कोल्हापूर):
जागेचं बरोबर बोललासा. पण आमच्याकडं उंचीची अडचण नाही, शाहू स्टेडियमला गॅलरी हाय. आमची अडचण माणसांची. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) लीगमध्ये पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस असल्या संघांची कुठलीबी मोठी जोडी समोरासमोर आली की गॅलरीत मुंगीला शिरायला जागा नसते, आणि तेवढेच मोबाइल एका टॉवरला लटकलेले. दुपारी बाराला स्पीड टेस्ट घेतली की अपलोड दहा-बारा एमबीपीएस दाखवतंय. चार वाजता गॅलरी भरली की एकावर. डाउनलोडचा आकडा बघून खूश होणारी पोरं लई बघितलीत. तो आकडा आपल्या काय कामाचा? आपल्याला पाठवायचं असतंय. आणि टेस्ट घ्यायची ती मॅचच्या वेळेला, मागच्या मॅचच्या दिवशी.

यावर एकच खरा इलाज: जवळच्या दुकानातनं नाहीतर घरातनं ब्रॉडबँडची वायर ओढून आणणं. पेठेत ओळखीवर हे जमतंय. नाही जमलं तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं दोन फोनमध्ये, आणि त्यातल्या बऱ्या चालणाऱ्याच्या हॉटस्पॉटवर कॅमेऱ्याचा फोन. कॅमेऱ्याचा फोन फ्लाइट मोडवर टाकून वाय-फाय तेवढं चालू ठेवायचं, म्हणजे ऐन कॉर्नरला कुणा पाहुण्याचा फोन येऊन लाइव्ह थांबत नाही. तरी व्हॉट्सॲप कॉल येतोयच, म्हणून त्या फोनवर व्हॉट्सॲपच ठेवू नका.

क्वालिटीचा हट्ट सोडा. ७२० वर, सेकंदाला ३० फ्रेम, पाठवायचा वेग अडीच हजार केबीपीएस (म्हणजे अडीच एमबीपीएस). अडखळणाऱ्या १०८० पेक्षा सलग चालणारं ७२० लाखपट बरं. बॉल दिसला, जर्सीचा रंग कळला, झालं.

आता आवाज. आमच्या गॅलरीचा आवाज म्हणजे... कोल्हापूरकरांना सांगायला नको. लहान पोरं घरात बघत असतात, म्हणून गॅलरीचा माइक एकदा पूर्ण बंद केला होता. पाच मिनिटांत कतार, पुणे, बेळगाव सगळीकडनं मेसेज, "आवाज घालवला का? मजाच गेली." आता माइक मैदानाकडं तोंड करून आणि गॅलरीपासनं लांब लावतो. ढोल, शिट्टी, बॉलला बसलेली लाथ ऐकू येती. बाकीचं गर्दीत विरघळतंय. बहुतेक.

लग्नवाला (इस्लामपूर):
माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. २०२० मध्ये लग्नं पन्नास माणसांवर आली, बाकी पाहुण्यांना लाइव्ह दाखवायची मागणी आली, तेव्हा हे सामान घेतलं. आता लग्नसराई नसताना तेच सामान मैदानावर जातं. कॅमेरे वापरायचे असतील तर काही गोष्टी दुकानदार सांगत नाहीत त्या लिहितो.

एक, कॅमेऱ्याच्या एचडीएमआयमधून स्वच्छ चित्र बाहेर पडतं का ते विकत घेण्याआधी बघा. काही कॅमेऱ्यांच्या आउटपुटमध्ये बॅटरीची खूण, फोकसचा चौकोन सगळं सोबत येतं आणि ते काढता येत नाही. जुन्या फोटो कॅमेऱ्यांत बऱ्याचदा एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांची रेकॉर्डिंगची मर्यादा असते. नुसतं आउटपुट घेताना ती आड येत नाही, पण आपोआप बंद होण्याची सेटिंग मात्र शोधून काढून टाकावी लागते. बॅटरीच्या जागी डमी बॅटरी बसवून थेट वीज द्या.

दोन, वायर. साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नाही. मैदानावर त्याहून लांब जावंच लागतं. तिथे एसडीआय, म्हणजे टीव्हीवाले वापरतात ती लांब पल्ल्याची वायर. एचडीएमआयचं एसडीआय करणारा छोटा डबा कॅमेऱ्याकडच्या टोकाला आणि उलटं करणारा दुसऱ्या टोकाला लावला की चांगल्या वायरवर शंभर मीटरपर्यंतसुद्धा चित्र जातं, आणि जोडणी फिरवून घट्ट बसते, कुणाचा पाय लागून सुटत नाही. मायक्रो एचडीएमआयचं पोर्ट असलेला कॅमेरा असेल तर वायर कॅमेऱ्याभोवती बसवायच्या पिंजऱ्याला किंवा ट्रायपॉडला बांधून टाका. ते पोर्ट तुटलं की दुरुस्तीचा आकडा ऐकून बसायला खुर्ची लागते.

दोन कॅमेरे असतील तर ब्लॅकमॅजिकच्या एटेम मिनीसारखा छोटा स्विचर (एका कॅमेऱ्याचं चित्र काढून दुसऱ्याचं लावणारा डबा) पुरतो. त्याची प्रो आवृत्ती लॅपटॉपशिवायही थेट यूट्यूबला पाठवते. पण माझं स्पष्ट मत, फुटबॉलला दुसरा कॅमेरा शेवटी घ्या. लग्नात चेहरा महत्त्वाचा, इथे मैदान. नवीन पोरं सारखे कट मारतात आणि नेमका गोल चुकतो.

नवखा:
धागा वाचतोय. आमचं कॉलनीचं मंडळ आहे, चॅनेल नवीन, फोनवरून लाइव्हचं बटणच चालत नाही. काय करावं?

साइडलाइन (पुणे):
फोनवरच्या यूट्यूब ॲपमधून लाइव्ह करायला चॅनेलचे किमान ५० सबस्क्राइबर लागतात. कॉलनीत फिरलात तर संध्याकाळपर्यंत होतील. शिवाय लाइव्ह पहिल्यांदा सुरू करायची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून सामन्याच्या सकाळी हे काम काढू नका. लॅपटॉपवरून ओबीएस हे लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर वापरून करणार असाल तर ५० ची अट नाही, फक्त फोन नंबर पडताळलेला हवा. ओबीएस फुकट आहे. आणि खातं मोठ्या माणसाच्या नावाचं असू द्या, एकट्याने लाइव्ह करायला आता किमान वय १६ आहे.

डेटाचाही हिशेब करून ठेवा. तीन एमबीपीएसने पाठवलं तर तासाला साधारण १.३५ जीबी जातो. रोजचा दोन जीबीचा पॅक असेल तर तो जेमतेम दीड तास पुरतो. सामन्याआधी दहा मिनिटं सुरू केलंत, मध्यंतरात चालूच ठेवलंत, तर साठ-पासष्टाव्या मिनिटाला चित्र गेलंच म्हणून समजा. वेगळा डेटा पॅक मारून ठेवा.

दर्यावरचा (मुरगाव, गोवा):
आमच्या गावच्या स्पर्धा बघणारे अर्धे लोक पाण्यावर असतात. प्रत्येक वाड्यातले चार-पाच तारवटी, कुणी क्रूझवर, कुणी मालवाहू जहाजावर. त्यांच्याकडचं इंटरनेट कधी असतं कधी नसतं. पेठेतला यांनी ७२० चं म्हटलंय त्याला पूर्ण पाठिंबा. यूट्यूब पुढे त्याच्या लहान आवृत्त्या करून देतं, त्यामुळे जहाजावरचा माणूस २४० वरही बघतो. फक्त लेटन्सी, म्हणजे मैदानावरचं चित्र बघणाऱ्यापर्यंत पोचायला लागणारा उशीर, 'नॉर्मल' ठेवा. अगदी कमी ठेवली की बघणाऱ्याकडे साठा उरत नाही आणि जरा नेट ढिलं झालं की चाक फिरायला लागतं.

पाऊस ही आमची खासियत. छत्री ट्रायपॉडला नाही, वेगळ्या खांबाला बांधायची, नाहीतर वारा आला की चित्र डोलतं. फोनला पारदर्शक पिशवी, काचेपुढची जागा मोकळी. एसी गाडीतून फोन काढून लगेच लावला की काचेवर वाफ धरते, म्हणून सामान थोडं आधी बाहेर काढून ठेवतो. विजेचं मात्र मनावर घ्या. ओल्या मैदानावर घरातून एक्स्टेंशन ओढायचं नाही. पॉवर बँक आणि बॅटरी, बस. राउटर बारा व्होल्टचा असेल तर पॉवर बँकेतून बारा व्होल्ट देणारी वायर मिळते.

उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. एप्रिलच्या उन्हात चार्जिंगला लावून लाइव्ह करणारा फोन तापून स्वतःच बंद पडतो. स्क्रीनचा उजेड कमी, कव्हर काढलेलं, सावली, आणि फोन आधीच पूर्ण चार्ज करून आणायचा.

आई_टचलाइनवर (इंग्लंड):
मुलगा बारा वर्षांखालच्या संघात आहे, नऊ-नऊचे सामने, रविवारी सकाळी. आमच्या क्लबने उंच खांबावर बसवायचा कॅमेरा घेतलाय, माणूस लागत नाही. दोन भिंगं मिळून अख्खं मैदान टिपतात आणि संगणक चेंडूमागे फ्रेम फिरवतो. मराठी आयांना थंडीत ट्रायपॉडमागे उभं राहावं लागत नाही हा फायदा मोठा. खांबाला दोऱ्या बांधाव्याच लागतात, इथला वारा फार वाईट.

पण यंत्राच्या हुशारीवर फार विसंबू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये स्कॉटलंडमध्ये इनव्हर्नेस कॅलेडोनियन थिसल आणि एअर युनायटेडच्या सामन्यात अशाच स्वयंचलित कॅमेऱ्याने लाइन्समनच्या टकलालाच चेंडू समजून त्याचा पाठलाग केला. घरी बसलेल्यांनी सामना कमी आणि टक्कल जास्त पाहिलं. आमच्याकडे शेजारच्या मैदानावरचा चेंडू दिसला की असंच होतं.

आणखी एक, याबद्दल वर कुणी लिहिलं नाही. मुलांचे सामने असतील तर प्रत्येक पालकाची लेखी संमती आम्ही हंगामाच्या सुरुवातीलाच घेतो, समोरच्या संघाचीही. लिंक फक्त पालकांना जाते, आणि कॉमेंट्रीत मुलांची पूर्ण नावं घेत नाही. भारतातल्या अकादम्यांनी हे आत्ताच सुरू करावं असं मला फार वाटतं. 'कोण बघतंय आपल्या पोरांना' हे उत्तर नाही.

मस्कतकर:
मी दाखवणारा नाही, बघणारा. सगळ्यांना हात जोडून एकच मागणं: कोपऱ्यात स्कोर आणि मिनिट ठेवा. ड्युटीवरून येऊन मध्येच लिंक उघडतो आणि वीस मिनिटं कळत नाही कोण पुढे आहे. कॉमेंट्रीवाले गावाकडच्या पुढाऱ्यांची नावं वाचतात, स्कोर सांगत नाहीत. आणि गोल आधी व्हॉट्सॲपवर समजतो, लाइव्हवर अर्ध्या मिनिटाने दिसतो. ग्रुपवर टाकणाऱ्यांनी जरा दम धरावा.

माइक_माझ्याकडे (मुंबई):
मस्कतकर, मुद्दा मान्य. मी मुलींच्या स्पर्धांची कॉमेंट्री करते आणि ओबीएससुद्धा सांभाळते. स्कोर ठेवणं अवघड नाही. ओबीएसला साधी टेक्स्ट फाइल वाचायला लावायची, फाइलमधला आकडा बदलला की पडद्यावरचा बदलतो. मी दर पाच मिनिटांनी स्कोर बोलतेही, कारण बरेच जण स्वयंपाक करताना नुसतं ऐकतात. पुढाऱ्यांची यादी मध्यंतरात.

माइकबद्दल: फोनला कॉलर माइक लावताना पिनेवर तीन काळ्या रेघा आहेत ना ते बघा. दोन रेघांची पिन कॅमेऱ्याची, बऱ्याच फोनना ती ओळखताच येत नाही आणि फोन आपला स्वतःचाच माइक चालू ठेवतो. वाऱ्यासाठी केसाळ टोपी घ्या, स्पंजने मैदानावर भागत नाही.

आणि मध्यंतरातली गाणी! आयोजकांचा डीजे सिनेमाची गाणी लावतो, ती माइकमधून लाइव्हमध्ये जातात आणि यूट्यूब कॉपीराइटवरून लाइव्ह थांबवू शकतं. मध्यंतर झालं की मी मैदानाचा माइक बंद करून स्कोरची पाटी लावते. लाइव्ह चालू असताना ओबीएसमध्ये रेकॉर्डिंगचंही बटण दाबलेलं असतं, म्हणजे नेट गेलं तरी सामना हातात राहतो. खेळाडूंना नंतर गोलची क्लिप त्यातूनच काढून देते. खरं सांगायचं तर लाइव्हपेक्षा त्यांना तीच जास्त हवी असते.

पेठेतला (कोल्हापूर):
लग्नवाले, एक विचारायचं राहिलं. लाइटखाली मॅच असली की आमच्या चित्रात काळे पट्टे वरखाली पळत्यात. फोन बदलून बघितला, तरी तेच.

लग्नवाला (इस्लामपूर):
फोनचा दोष नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभरदा उजळतात-मंदावतात. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी कॅमेरा उजेड घेतो तेवढा वेळ, त्याच्याशी जुळला नाही की पट्टे दिसतात. हाताने सेटिंग करता येणारं ॲप घ्या आणि शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून टाका. जमलं तर फ्रेम २५ किंवा ५० करा. फोनमध्ये 'अँटी फ्लिकर' असेल तर तिथे ५० हर्ट्झ निवडा. एक्सपोजर (चित्र किती उजळ ते) लॉक करायला विसरू नका, नाहीतर पांढऱ्या जर्सीची टोळी समोर आली की अख्खं मैदान काळवंडतं. हे सगळं दिवे पूर्ण लागल्यावर बघायचं, संधिप्रकाशात पट्टे दिसत नाहीत. तरीही एखाद्या खांबावरचे दिवे लुकलुकत राहिले तर कॅमेरा त्या कोपऱ्यात जाईल तेव्हा तेवढं सोसायचं.