मदत हवी आहे: नामदेवांची गोष्ट 'नायकाच्या प्रवासात' बसवता येईल का?

नमस्कार मंडळी. मी परभणीचा, एम.ए. मराठीला आहे. सेमिनारला विषय मिळालाय शोधकथा. अमेरिकी अभ्यासक जोसेफ कॅम्पबेलनं १९४९ साली मांडलेला 'नायकाच्या प्रवासा'चा साचा वाचला: घर सोडणं, कसोट्या, मग काहीतरी कमावून परत येणं. सगळी उदाहरणं परदेशीच कशाला, म्हणून आपल्याकडची नामदेवांची आख्यायिका घेतली.

तेरला गोरा कुंभारांकडं संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाई विचारते, यातली कच्ची मडकी कोणती? गोरोबाकाका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकत जातात. बाकीचे गप्प, नामदेव तेवढे चिडतात. झालं, मडकं कच्चं! (आजी हे सांगताना आमच्या टाळक्यात लाटणं वाजवायची. आम्ही ओरडलो की तीही कच्चं म्हणायची.) मग विठ्ठल म्हणतो गुरू कर, आणि नामदेव औंढ्याला जातात. तिथं विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून पडलेले. ते पाय उचलून जिकडं ठेवावेत तिकडं पिंड.

इथपर्यंत साचा बसतो. पण ज्याच्याशी रोज बोलणं, तो देव तर आधीपासूनच जवळ होता. मग हा शोध कशाचा म्हणायचा? शिवाय परतणं कोणतं धरू, औंढ्याहून पंढरपूरला आले ते, की पुढची पंजाबची वाटही याच प्रवासात घेऊ? आणि मुक्ताबाईला नुसतं 'मदतनीस' म्हणायला तर मन धजत नाही.

यावर मराठीत कुणी लिहिलेलं वाचलंय का? हिंगोली-धाराशिवकडं ही गोष्ट वेगळी सांगत असतील तर तेही कळवा. सेमिनार पुढच्या गुरुवारी आहे.