जुन्या खटल्यांची दप्तरं सगळ्यांना खुली करावीत का?

बोळातला वाचक
डॉ. लागू खटल्याचं निकालपत्र पुन्हा वाचलं. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे, सधन विधवा, मधुमेहाचा त्रास. नोव्हेंबर 1956 मध्ये डॉ. अनंत लागू त्यांना रात्रीच्या पॅसेंजरने मुंबईला घेऊन गेले आणि सकाळी जी. टी. रुग्णालयात त्या वारल्या. शरीरात विष सापडलं नाही, तरी विष देऊन खून केला म्हणून लागूंना फाशीची शिक्षा झाली. डिसेंबर 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोघा न्यायमूर्तींनी ती कायम केली, न्या. सरकार यांना मात्र गुन्हा सिद्ध झालेला वाटला नाही.

पुरावा तोच, वाचणारे तिघे, मतं दोन! आपल्यापुढे मात्र निकालपत्रच येतं, म्हणजे न्यायाधीशांनी जेवढं उचललं तेवढंच. अशा खटल्यांचे जबाब, उलटतपासण्या, पंचनामे, डॉक्टरांचे अहवाल स्कॅन करून नेटवर टाकावेत असं माझं मत. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातल्या 1674 ते 1913 च्या खटल्यांचे वृत्तांत आपण शनिवार पेठेत बसून फुकट वाचू शकतो. इथले का नाही?

वकिलीणकाकू
असहमत. जबाब वाचलेत कधी? कोण कोणाकडे उधार मागायला गेलं, कोणाची सून माहेरी का राहते, सगळं त्यात येतं. खटल्याशी संबंध असो-नसो. जोशी-अभ्यंकर खून 1976-77 चे, फाशी 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात. म्हणजे कालपरवाचंच. आजोबांचं नाव टाकल्यावर नातीला पंचनाम्यातलं प्रेताचं वर्णन दिसावं? आणि ओल्ड बेलीची मालिका 1913 ला थांबते, हे तुम्हीच लिहिलंत. शिवाय ते वृत्तांत मुळात विकण्यासाठी छापले जात. चटकदार खटला लांबलचक, बाकीचे चार ओळींत. त्याला पूर्ण दप्तर म्हणू नका.

मोडीवेडा
काकूंचा शेवटचा मुद्दा बिनतोड. पण वासुदेव बळवंत फडक्यांचं बघा. 1879 मध्ये त्यांची रोजनिशी आणि आत्मचरित्र पोलिसांच्या हाती लागलं आणि पुण्यातल्या खटल्यात त्यांच्याच विरुद्ध वापरलं गेलं. सार्वजनिक काकांनी वकीलपत्र घेऊनही जन्मठेप टळली नाही, एडनला रवानगी झाली. सरकारी दप्तरात राहिलं म्हणून ते लिखाण आज वाचायला मिळतं.

आता दुसरी बाजू. मुदत संपली की कोर्टाचे कागद नष्ट करायची सोय 1917 च्या कायद्यातच आहे. नेटवर टाकायचं की नाही हे नंतर भांडू, आधी रद्दीत जाणारं थांबवा.

पर्वतीपायथा
आणि ‘गाजलेले’ खटलेच का? टिळकांचा 1908 चा खटला न. चिं. केळकरांनी छापून काढला. ज्युरीचे सात विरुद्ध दोन, टिळकांचं कित्येक तासांचं भाषण, सगळं आहे. ज्याच्यामागे केळकर नव्हते त्या भुरट्या चोराचा जबाब खरा दुर्मीळ.

वकिलीणकाकू
जपायला माझी ना कुठाय? जपणं वेगळं, चव्हाट्यावर मांडणं वेगळं. दप्तरखान्यात जा, अर्ज करा, समोर बसून वाचा. अभ्यासकाला तेवढे कष्ट झेपतात. घरबसल्या हवंय ते खून चघळणाऱ्यांना.

बोळातला वाचक
काकू, रजा काढून अर्जामागे फिरणं फक्त प्राध्यापकांना परवडतं. ज्याच्या आजोबांवर खटला झाला तो शेतकरी कसा येणार? हवी तर मुदत घाला. निकालापासून 75 वर्षं धरली तर लागू खटला 2034 ला खुला होईल. मी थांबेन.

वकिलीणकाकू
75 नाही, 100. आणि बलात्काराच्या खटल्यातलं पीडितेचं नाव कधीच नाही.

बोळातला वाचक
नावाचं मान्य. 100 नाही.

मोडीवेडा
आणि 1917 चं काय? कोणीच बोलेना.