मदत हवी आहे: दुर्गम बेटांवरची कव्हरं कोकणच्या पावसात कशी जपायची?

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीचा. दूरच्या बेटांवरून टपालाने आलेली कव्हरं, म्हणजे तिकीट-शिक्क्यासकट अख्खी पाकिटं, जमवतो. सगळ्यात जास्त जीव दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन डा कुन्हा बेटावर. तिथे विमानतळ नाही, टपाल बोटीनेच जातं-येतं. १९५२ साली सेंट हेलेना या त्याच महासागरातल्या दुसऱ्या ब्रिटिश बेटाच्या तिकिटांवर ट्रिस्टनचं नाव छापून पहिली तिकिटं निघाली. १९६१ च्या ज्वालामुखीमुळे अख्खं बेट रिकामं झालं, लोक परतले ते १९६३ मध्ये. म्हणून मला तिकिटापेक्षा शिक्क्यावरची तारीख मोलाची वाटते.

आता अडचण. पाऊस सुरू झाल्यापासून एका कव्हरच्या मागे, डिंकाच्या कडेने, तांबूस ठिपके उमटायला लागलेत. सिलिका जेल ठेवलंय. कुणी म्हणतं हवाबंद डबा घ्या, पण ओल आतच कोंडली तर? पॉलिएस्टरच्या पिशवीचं तोंड उघडं ठेवावं का? कोकणातच राहून कागद सांभाळणाऱ्यांनी कृपया सांगा. तिकीट सोडवून घ्यायचा सल्ला मात्र नको, कव्हर अख्खंच हवं.

आणखी एक. काका बोटीवर होते. त्यांच्या एका पाकिटावर ब्रिटिश तिकीट, त्यावर सेंट हेलेनाचा शिक्का आणि शेजारी 'पाकबो' (Paquebot), म्हणजे पत्र बोटीवर टाकल्याची खूण. भर समुद्रात बोटीवर टाकलेल्या पत्राला जहाजाच्या देशाचं तिकीट चालतं, हे माहीत आहे. पण हे सेंट हेलेनात लावू की सागरी टपालाचं वेगळं पान करू? माझा कल वेगळ्या पानाकडे आहे.