प्रार्थना-विनंती ग्रुपवर टाकण्याआधी

चर्चच्या सभासदांची यादी सगळ्या स्वयंसेवकांकडे असायला काय हरकत आहे, 'आपलीच तर माणसं', असं काहीजण म्हणतात. मी कोल्हापुरात आमच्या मंडळीचं (म्हणजे चर्चच्या सभासदांचं) रजिस्टर चार वर्षं सांभाळलं, म्हणून सांगतो: घोळ आपल्याच माणसांत होतो. नाव-पत्त्याचं एवढं काही नाही, खरी अडचण प्रार्थना-विनंतीची.

एका मावशींनी सुनेच्या गर्भपाताबद्दल पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) पत्नीला सांगितलं, प्रार्थना करा म्हणून. त्यांनी चांगल्या मनानंच महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, नावासकट. रविवारी उपासना सुटल्यावर चपला घालतानाच तिघीजणींनी सुनेला गाठलं. "आता कसं वाटतंय गं?" ती पोरगी त्यानंतर सहा महिने चर्चला फिरकली नाही.

तेव्हापासून आम्ही एकच प्रश्न विचारतो: "हे कुणाकुणाला सांगू?" उत्तर विनंतीच्या वहीत तिथंच लिहायचं. पाळकांपुरतं असेल तर ग्रुपवर 'एका कुटुंबासाठी' एवढंच जातं. दशांशाची (उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देतात, त्याची) वही फक्त खजिनदाराकडे. कुणी किती देतं हे वडील मंडळींनाही, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांनाही, कळायचं कारण नाही (यावर भांडण झालं, होऊ दे).

कायद्याचं म्हणाल तर 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कपाटातलं कागदी रजिस्टर त्यात येत नाही, पण त्याच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढलात की चित्र बदलतं. रविवार शाळेच्या मुलांची माहिती असेल तर पालकांची संमती आधी घ्या.

आणि पद सोडलेल्या स्वयंसेवकाला ग्रुपमधून काढायला लाजू नका.