मदत हवी आहे: अण्णांची उंची ५ सेंमी कमी झाली आहे. हाडांकडे बघायचं की रक्तवाहिन्यांकडे?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. वडिलांसाठी (वय ७३, मुक्काम कराड) सल्ला हवा आहे. डॉक्टरांची नावं नकोत. आधी कोणत्या दिशेने जायचं, तेच आमच्या घरात ठरत नाहीये.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. पेन्शनचे कागद चाळताना त्यांच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स निघाली. त्यावर उंची लिहिली आहे, अनवाणी ५ फूट ५ इंच, म्हणजे १६५ सेंमी. दादाने त्यांना सकाळी भिंतीला टाचा टेकवून उभं केलं आणि मोजलं, तर १६० भरली. थोडं पोक आलंय हे दिसत होतं, पण पाच सेंमी?

त्यातच भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर ‘बुटक्या पुरुषांना हृदयविकाराचा धोका जास्त’ असं काहीतरी टाकलं. आमच्या घराण्यात साडेपाच फुटांच्या वर कोणी गेलेलंच नाही, त्यामुळे आई आता सगळ्यांकडेच संशयाने बघतेय.

बाकी माहिती: मधुमेह जुना आहे, गोळ्या चालू. बीपी अ‍ॅम्लोडिपिन घेऊनही १६४/७२ च्या आसपास. विडी ओढायचे, आता सोडली आहे. मंडईपर्यंत चालत गेलं की पोटऱ्या भरून येतात, मग कट्ट्यापाशी थांबतात, जरा वेळाने पुढे निघतात. पाठ दुखते म्हणून एक्स-रे काढला, त्यात बारावा पाठीचा मणका पुढच्या बाजूने चेपलाय असं आलं. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत ‘महाधमनीच्या भिंतीत कॅल्शियम दिसते’ असंही आहे. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व दिलं. त्या शेवटच्या ओळीबद्दल विचारलं तर ‘वयाने होतं’ म्हणाले. आईने ती ओळ वाचून कॅल्शियमच्या गोळ्याच बंद केल्या.

तर उंची कमी होणं आणि रक्तवाहिन्या खराब होणं यांचा खरंच काही संबंध आहे का? आणि पोटऱ्यांचं दुखणं कोणत्या खात्यात टाकायचं?

खलबत्ता:
कॅल्शियम आधी सुरू करा बघू. धमनीतलं कॅल्शियम म्हणजे तिथे वर्षानुवर्षं साचलेल्या चरबीचा आणि झिजेचा चुना. गोळी गिळली आणि तिथे जाऊन चिकटली असं होत नाही. डॉक्टरांना न विचारता आईंनी परस्पर बंद करू नये.

माझ्या सासऱ्यांच्या पोटऱ्याही अशाच भरून यायच्या. दोन वर्षं गुडघ्याला तेल चोळत बसले आणि निघाली मांडीतली धमनी तुंबलेली. तेव्हा ‘वयाने होतं’वर थांबू नका.

अर्धशिशी:
मी फिजिशियन आहे. इथे वाचून उपचार ठरवू नका, पण दिशा सांगते.

भाऊजींचा मेसेज अगदीच हवेतला नाही. २०१५ साली इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या गटाने उंची ठरवणाऱ्या १८० जनुकीय जागा घेऊन जवळजवळ दोन लाख लोकांची माहिती तपासली. उंची साधारण साडेसहा सेंमीने कमी असेल तर हृदयाच्या धमन्या तुंबण्याचा धोका सुमारे साडेतेरा टक्क्यांनी जास्त, असं निघालं. हे टक्के मूळ धोक्यावरचे आहेत, म्हणजे शंभरातल्या तेरांना अटॅक येतो असं नव्हे. विडी आणि मधुमेह यांच्यापुढे हा आकडा किरकोळ आहे. आणि उंच माणसं सुटली असंही नाही. हृदयाची लय बिघडणं, पायाच्या शिरांत गुठळी होणं, शिरा फुगणं हे त्यांच्यात जास्त दिसतं. आईंना सांगा, घराण्याची उंची हा विषय बंद.

नंतर कमी झालेली उंची मात्र वेगळी गोष्ट आहे. ब्रिटनमधल्या २४ गावांतल्या पुरुषांची उंची चाळिशी-पन्नाशीत मोजली होती आणि वीस वर्षांनी पुन्हा मोजली. ज्यांची ३ सेंमी किंवा जास्त घटली होती त्यांच्यात पुढच्या काळात मृत्यू जास्त झाले, हृदयविकारही जास्त दिसला. धूम्रपान वगैरे हिशेबात धरूनही फरक उरला. उंची घटल्यामुळे हृदय बिघडतं असा याचा अर्थ नाही. हाडं, स्नायू, फुप्फुसं, धमन्या एकाच माणसात एकाच वेळी झिजत असतात, उंची तेवढी टेपने मोजता येते. ४ सेंमी किंवा जास्त घट असेल तर मणक्यांचा फोटो काढायचाच असतो, तो तुमचा झालाय. त्याच फोटोत मणक्यांच्या पुढून जाणारी महाधमनी दिसते. तिच्यातलं कॅल्शियम हा सबंध शरीरातल्या धमन्यांच्या अवस्थेचा अंदाज असतो, त्यामुळे ती शेवटची ओळ मी तरी सोडली नसती.

१६४/७२ मध्ये मला वरच्या आकड्याइतकाच मधला फरक खटकतो. ९२! हृदयाचा ठोका धमन्यांतून लाटेसारखा खाली जातो आणि फाट्यांवर आपटून परत फिरतो. धमन्या लवचिक असतील तर परतीची लाट निवांत येते. कडक झाल्या की ती लवकर येऊन वरच्या बीपीत भर घालते. बुटक्या शरीरात तिचा रस्ताही आखूड असतो, उंचीचा संबंध एवढाच. या वयात मुख्य कारण कडकपणा.

आता पोटऱ्या. कट्ट्यापाशी थांबतात म्हणजे नुसते उभे राहतात, बसतात की वाकून टेकतात? नुसतं उभं राहून दोन-चार मिनिटांत कळ जात असेल तर धमनीचा संशय घ्यावा. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच बरं वाटत असेल तर मणक्यात नस दाबली जात असेल. सायकल चालवतात का?

पायवाट:
उंची पुन्हा मोजा, सकाळीच आणि त्याच भिंतीला. संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर तरी दबतो. आणि सेवापुस्तकातली उंची कारकुनाने डोळ्यांनी मोजलेली नाही ना, तेही बघा. आमच्या तीर्थरूपांच्या पुस्तकात गालावर तीळ लिहिलाय, तो कुणालाच कधी दिसला नाही.

कृष्णाकाठ:
@पायवाट :) अण्णा म्हणतात मोजपट्टीला उभं केलं होतं, त्यांना आठवतंय.

@अर्धशिशी मॅडम, विचारून घेतलं. कट्ट्यावर हात टेकून, जरा वाकून उभे राहतात. बसत नाहीत. सायकलवर मळ्यात जातात तेव्हा पोटऱ्या दुखत नाहीत म्हणे. गुडघ्यांसाठी आठवडी बाजारातून एक पुडी आणून घेतात, बरीच वर्षं. देणारा ‘झाडपाल्याची’ सांगतो.

अर्धशिशी:
पुडीचं आत्ता कळतंय! असल्या बिननावाच्या पुड्यांमध्ये कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. गुडघे हलके वाटतात, आतून हाडं पोकळ होतात, साखर आणि बीपी चढतं. पण बरीच वर्षं घेत असतील तर एकदम बंद करू नका, शरीराची सवय तुटल्यावर माणूस कोसळू शकतो. पुडी बरोबर घेऊन याच आठवड्यात फिजिशियनकडे जा.

वाकल्यावर बरं वाटणं आणि सायकलवर न दुखणं मणक्याकडे बोट दाखवतं, पण मधुमेह आणि विडी असलेल्या माणसात मी तेवढ्यावर धमनी सोडणार नाही. एबीआय करून घ्या: घोट्यापाशी मोजलेल्या बीपीचा वरचा आकडा भागिले दंडाच्या बीपीचा वरचा आकडा. ०.९ किंवा कमी आलं तर पायाची धमनी तुंबलेली धरतात. मधुमेहींच्या धमन्या कडक झाल्या की बीपीच्या पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा १.४ च्या वर जातो. तो चांगला समजू नका, मग पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब बघावा लागतो. पोटाची सोनोग्राफी होईल तेव्हा महाधमनीची रुंदी मोजायला सांगा, म्हणजे ती फुगलेली नाही ना ते कळेल. पासष्टी ओलांडलेल्या, कधीही विडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषाने ती एकदा बघून घ्यावी. ३ सेंमीच्या आत असेल तर प्रश्न मिटला.

हाडांसाठी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी), डी जीवनसत्त्व, आणि चेपलेला मणका नुसत्या वयाने गेलाय ना, हे बघायला रक्तातल्या प्रथिनांची तपासणी. पुरुषांमध्ये मणका चेपला तर कारण शोधतात. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का? तुम्ही लिहिलं नाही.

कृष्णाकाठ:
नाही, कधीच दिलेली नाही. दादा शुक्रवारी पुडी घेऊन फिजिशियनकडे नेतोय. कराड-साताऱ्यात एबीआय कुठे होतं हे कुणाला माहीत असेल तर इथेच सांगा. डॉप्लर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करणारे पुष्कळ दिसतात, पण फोनवर एबीआय म्हटलं की समोरचा गप्प होतो.

खलबत्ता:
डॉप्लरवाल्यालाच ‘दोन्ही घोट्यांचं आणि दोन्ही दंडांचं बीपी डॉप्लर लावून मोजता का’ असं विचारा. सासऱ्यांचं तसंच झालं, नाव न घेता.